अर्धा टाका

तळाशीलच्या पुळणीवर, खाडीकडच्या अंगाला
झापांचा मांडव घातलाय.
खाली आंब्याच्या सहा फळ्या
आणि आम्ही अकरा जण, त्यातले नऊ बिनकामाचे,
असं अर्जुनकाका पहिल्याच दिवशी म्हणाले.

मी मालवणात फायबरच्या होड्या ओततो.
साचा, चटई, रेझिन. तिसऱ्या दिवशी होडी.
तो वास नाकात घेऊनच जेवायला बसतो.
इथे गेल्या शिमग्याला चिखलात पुरलेली सोडणं
दिवाळी झाल्यावर उकरली,
काळी, लिबलिबीत, नासक्या अंड्यासारखी.
बडवत गेलो तसा आतून
पिवळाधमक काथ्या निघाला.
मांडीवर सुंभ वळता वळता मांडीचे केस गेले,
प्रसाद मोंडकर म्हणाला, सलूनचे पैसे वाचले.

खिळा नाही. एकही नाही.
फळीला फळी भिडवायची, काठाला भोकं पाडायची,
सांध्यावर सुक्या लव्हाळ्याची वात ठेवायची
आणि शिवायचं.
गोधडी शिवतात तसं, कुणीतरी म्हणालं.
काका म्हणाले, गोधडी घालून बघ खाडीत.

चौथ्या दिवशी काका आत बसले,
सुंभाचं टोक भोकातून बाहेर दिलं
आणि थांबले.
टोक माझ्या हातात.
"आता?"
बराच वेळ फळीपलीकडून काहीच नाही.
मग: "माका म्हायत नाय."
खाडीत कुणाचं तरी इंजिन फटफटत गेलं.
"चाळीस वर्सां मी आत बसलंय. भायर जगन असायचो.
मी टोक दियी, तो टोक दियी.
मधी तो काय करी, तां मी कशाक बघतलंय?"

जगन तारी वारून नऊ वर्षं झाली.

मग आम्ही अंदाजाने शिवलं.
उलटं, सुलटं, फुली, दुहेरी फुली.
मोबाईलवर शोधलं, तिथे कुठल्या तरी दुसऱ्याच समुद्राची होडी होती.
पाणी ओतलं की सांधे दात काढून हसायचे.
दोघे यायचे बंद झाले. त्यातला एक कामाचा होता.

शनिवारी आवडाबाय तारी
सुक्या सुंगटांची टोपली घेऊन रस्त्याने चालली होती.
रापणीच्या वाट्यावरून तिचं आणि काकांचं
जगन गेल्यापासून बोलणं नाही.
मांडवाच्या बाहेर उभी राहिली. बघत राहिली.
"तसां नाय रे," मला म्हणाली, हळू.
"आधी खालसून. मगे वातीच्या पोटाखालसून वर.
पाय लाव फळयेक, आणि मगे ओढ."

पेजेचा तांब्या घेऊन ती रोज इथे उभी राहायची,
टाका पुरा झाल्याशिवाय नवऱ्याचा हात मोकळा होत नसे.
पेज निवायची. ती हात बघायची.
किती वर्षं, विचारलं तर म्हणाली,
झीलगो शाळेत जाईसर आणि शाळा सोडीसर.

मला जमेना.
तिने टोपली खाली ठेवली.
बाईमाणसाने होडीला हात लावू नये
हे कुणी बोललं नाही, सगळ्यांना ऐकू आलं.
तिने पदर खोचला, डावा पाय फळीला लावला
आणि ओढलं.
वात दबली. सांधा मिटला.
लाकूड कण्हल्यासारखं वाजलं.

आत काकांच्या हातात सुंभ ताणला गेला असणार.
ते क्षणभर गप्प.
कोण आहे, विचारलं नाही.
टोक परत बाहेर आलं.

दुपारपर्यंत दोन हात सांधा झाला,
दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलली नाहीत.
सुंगटं उन्हात तशीच, कावळ्याने दोनदा डल्ला मारला.
संध्याकाळी ती म्हणाली, उद्या बाजार आसा,
परवा येतंय.

होडी अजून अर्धीच आहे.
उंडीचं तेल, राळ, सगळं बाकी.
आणि ती पहिल्यांदा गळणारच, काका म्हणतात,
काथ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत धीर धरायचा,
तोवर करवंटीने उपसायचं.

सोमवारी कारखान्यात, मालकासमोर,
साच्यावर ब्रश फिरवताना मी दोनदा थांबलो,
पलीकडून कुणी टोक देतंय का
बघत.