दुरुस्तीचं मोजमाप

टेपचं एक टोक मीरासाब सनदींच्या हातात,
दुसरं माझ्याकडे.
मध्ये एकवीस फूट नऊ इंच गारवा.
"लिवा की," ते म्हणतात, "आणि परत एकडाव मोजा.
माझ्या बाच्या हातानं बी
ही भिंत दरखेपी येगळी भरायची."

नंदगडच्या या गल्लीतल्या मशिदीला घुमट नाही.
जांभ्याचे चिरे, खानापूरची कौलं,
तीन कमानी, त्यातली मधली
दोन माणसं खांद्याला खांदा लावून शिरतील एवढी.
मिनार दोन. शेजारच्या भाताच्या गिरणीहून बुटके.
एकावर साळुंकीनं काड्या रचल्यात,
त्या नकाशात दाखवायच्या नसतात.

गल्ली सरळ जाते. मशीद जात नाही.
ती चौदा अंशांनी वळून बसलीय,
बैठकीत सगळे बोलत असताना
एकानंच खिडकीकडे तोंड करावं, तशी.
म्हणून रस्त्याच्या अंगाला एक त्रिकोण उरलाय,
ना मशिदीचा, ना पंचायतीचा.
तिथं गंगव्वा मडकी मांडते.
"भाडं किती?" मी विचारलं.
"मे महिन्यात हौज आटला की
तिच्या घागरी येत्यात.
ते कुठल्या रकान्यात घालशीला?"

अर्ज कानडीत आहे. माझ्या वहीत मराठी.
रकाना दोन्हीकडे नाही.

पश्चिमेच्या भिंतीला ओल.
गवंडी निंगाप्पानं थापीच्या टोकानं
मेहराबीशेजारी बोटभर पापुद्रा उचलला,
मी भिंग लावलं.
पांढरा. पांढरा. नीळ जास्त पडलेला एक.
मग पिस्तई, पुन्हा पांढरा,
दर रमजानआधी चुन्याचा एक हात.
झाडाची वर्तुळं मोजावीत तसा मी आत आत जात होतो,
तर मध्येच एक तपकिरी रेघ, केसाएवढी.
चुना नव्हे.
धूळ.

मीरासाबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"पलेगचं असंल. गाव रानात झोपड्या टाकून ऱ्हायलेलं.
आमचा पणजा तेवढा सांजेला चालत यायचा,
बांग द्यायचा, कडी लावून जायचा.
पणजी इचारायची, ऐकायला कोण हाय तिथं?
त्यो चपला शोधत बसायचा."

रेघेवरचा चुना जाड.
कुंचल्याचे फराटे अजून दिसतात, आडवेतिडवे.
परत आलेल्यांपैकी कुणी
धूळ झाडायलाही थांबलं नव्हतं.

"सायेब," निंगाप्पा म्हणाला,
"समदं खरवडून शिमिट मारू? टिकतंय."
एस्टिमेटात तेच लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात.
मी खोडलं. वर लिहिलं,
चुनाच. खरवडू नये.
दर कमी झाला, माझी टक्केवारीही.

टेप गुंडाळायला घेतला, तोवर मीरासाब
भिंतीशी जाऊन टोक धरून उभे.
एकवीस फूट दहा.