सातवं टोक

चारशे चाळीस झेंडे, सॅटिनचे,
नगाला अठ्ठावीस रुपये, दोरी धरून.
बांधकाम खात्याचा गावस मोबाइलवर नमुना पाठवतो,
खाली लिहितो: तारा सरळ हवा, मास्तर.
सात टोकांच्या ताऱ्याचं सरळ कुठलं, मी विचारतो.
तो म्हणतो, वर विचारून सांगतो.

कुठ्ठाळीच्या रस्त्याला आठ दिवसांत
नवं डांबर, दुभाजकाला नवा चुना,
आणि पिएदाद, जी एकवीस वर्षं त्या वडाखाली
शिणाणे विकते, तिला सांगितलंय
गुरुवार-शुक्रवार घरी बस.
'पाहुण्याला वास येतो?'
'पाहुण्याला नाही गे. सुरक्षेला.'

पेपरात पहिल्या पानावर: ऐतिहासिक मैत्री.
पाचव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात,
त्याच्या देशातल्या एका शाळेचा फळा,
उभा, भोवती भिंत नाही.
मधल्या पानांत सोन्याचा दर,
फोंड्याला नाटक, पाणी बंद राहण्याची वेळ.
तावेर्नात जुंपली. कुणी म्हणालं, खुनी आहे.
कुणी म्हणालं, असेल, पण खत स्वस्त देतो.
रोझारियो म्हणाला, दारात आलेल्याला
नावं ठेवू नयेत,
आणि ग्लास पालथा घातला.

तो पोरगा आला मंगळवारी, पँट घेऊन.
नाव इलियान. सांकवाळला शिकतो.
'दोन इंच आखूड', एवढं हिंदी पाठ केलेलं.
मशीनवरचा तारा त्याने उचलला
आणि टोकं मोजू लागला,
जीभ दुखऱ्या दाताच्या शेजारचे दात मोजते तसा.
प्रत्येक टोकाला एका शहराचं नाव.
सातव्यावर बोट थांबलं.
'हे माझं.'
मग म्हणाला, 'आता नाही ते.
यानेच. नऊ दिवसांत.
टोक मात्र ठेवलंय.'

एक झेंडा सहा टोकांचा शिवाल का, त्याने विचारलं.
एकच. चारशे चाळीसांत कुणाला दिसेल?

मी चष्मा पुसला.
अडतीस वर्षांत माझी कात्री चुकलेली नाही,
आणि बिलं दाबून ठेवण्यात गावस पटाईत.
मी म्हटलं, ऑर्डर म्हणजे ऑर्डर, बाब.
हिंदीत म्हटलं. कोकणीत म्हटलं असतं
तरी तेवढंच झालं असतं.

गुरुवारी अकरा वाजून चार मिनिटांनी ताफा गेला.
चौदा सेकंद.
काळ्या काचा. एका काचेत माझं दुकान दिसलं,
उलटी पाटी, झेंडे, चुना,
दारात टेप गळ्यात घातलेला एक म्हातारा.
आतून त्याने हात हलवला असेल, नसेलही.
संध्याकाळी किनाऱ्यावरच्या हॉटेलात
बंदरावर, खतावर सह्या झाल्या.

शनिवारी पिएदाद परत वडाखाली.
झेंडे अजून खांबांवर.
उतरवायचं टेंडर वेगळं असतं, गावस म्हणतो.

तारे कापले की कापडाला ताऱ्यांची भोकं उरतात.
पिवळ्या सॅटिनची ती चाळण
बायकोने खुराड्यावर टाकली, उन्हाला आडोसा.
दुपारी जमिनीवर उजेडाचे तारे पडतात,
कोंबड्या दाणा समजून टोचा मारतात,
काही लागत नाही, पुढच्याकडे सरकतात.
मी काल खाली वाकून मोजले.
सगळ्यांना सात.

पँट तयार आहे. कापड कापलं नाही,
आत दुमडलंय, पुढेमागे सोडता येईल.
पावती क्रमांक एकशे सहा.
हॉस्टेलचा वॉचमन म्हणाला, बुधवारी दोघे आले होते,
साध्या कपड्यांत. नुसती चौकशी,
सोमवारपर्यंत सोडतो म्हणाले.

आज दुसरा मंगळवार.