रुवीच्या पुलावरून

सहा वाजताच कठडा तापलेला.
मांडीवर तक्ता, मुठीत खटक्याचं यंत्र.
मोटार म्हणजे एक,
पाण्याचा टँकर तीन,
जेवण पोचवणारी मोटरसायकल अर्धी,
पोरगा, पेटी, हेल्मेट सगळं धरून.

मग साइटवर जाणारी पांढरी बस,
काचांना टेकलेली झोपाळू कपाळं.
बस म्हणजे अडीच.
खटक्याला अर्धं दाबता येत नाही,
म्हणून हिला दोन, मागून येईल तिला तीन.

साडेतीन मीटरची लेन, एकतीस सेकंद हिरवा,
त्यातले पहिले दोन वजा:
ड्रायव्हर दचकतो, गिअर शोधतो.
सूत्रात त्याला वाया गेलेला वेळ म्हणतात.
रस्ता किती पेलेल, हे
त्या वजाबाकीशिवाय निघतच नाही.

खाली दुभाजकाच्या फटीत एक म्हातारा,
एका हातात डबा, दुसऱ्यात लुंगीचं टोक.
पूल चढण्याइतके गुडघे उरले नसतील.
सुधीश विचारतो, मॅडम, हा कितीचा?
तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला.
रकाना नाही, म्हणाले.

सिग्नल सुटला.
हॉर्न वाजायच्या आत,
त्याच दोन सेकंदांत,
तो पलीकडच्या फुटपाथवर
डब्याचं झाकण नीट बसवत होता.