दूताचा प्रवेश

मूळ नाटकात दूत धावत येतो.
अंगभर धूळ, श्वास लागलेला,
आणि बेचाळीस ओळी बोलतो एका दमात:
राजपुत्र किल्ल्याच्या कितव्या पायरीवर पडला,
तलवार कुणाची होती,
तेव्हा आभाळ कोणत्या रंगाचं होतं.
मरण रंगमंचावर दाखवायचं नाही, असा त्यांचा दंडक.

त्या ओळी मी मराठीत आणल्या
सोहार बंदरामागच्या खोलीत,
तीन शुक्रवार घासून.
वृत्तसुद्धा सांभाळलं. थोडा मिजासच होता त्याचा.

राजाचा आम्ही फोरमन केला.
राजवाडा म्हणजे पत्र्याची पोर्टाकेबिन.
आवाज येतो म्हणून एसी बंद, त्यामुळे
राजाला घाम मात्र खरा.
कोरस म्हणून बसच्या रांगेतली माणसं घेतली.
त्यांना वाक्यं दिली नाहीत; ती नुसती बघतात,
तेवढं पुरलं.

दूत म्हणून मिळाले गनीभाई पेवेकर,
स्टोअरकीपर, मूळचे दाभोळकडचे,
सव्वीस वर्षं इथंच.
कागद डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी वाचला,
घडी घातली, खिशात ठेवला.
"असं कोण सांगतं?
मी सांगितलंय. चार जणांना."

मिथिलानं कॅमेरा चालूच ठेवला होता.

गनीभाई धावले नाहीत.
चपला दाराशी काढल्या,
राजासमोर स्टूल ओढून बसले.
"जेवलास?"
राजा झालेला दिगंबर गडबडला,
संहितेत हे नव्हतं.
"आधी जेवून घे."
स्वतःच्या डब्याचं झाकण काढून
भात त्याच्यापुढे सरकवला,
आणि त्याचे चार घास होईस्तोवर
खिडकीतून क्रेनकडे बघत राहिले.

मग भाताशेजारी ठेवला
त्याचा पासपोर्ट.

कंपनीच्या तिजोरीतला.
न मागता. रजेचा अर्ज नसताना.

दिगंबर चावायचा थांबला.
घास गालात तसाच.
दिगंबर खरा वेल्डर, त्याचाही पासपोर्ट
त्याच तिजोरीत असतो.
रंगमंचावर राजा इथं कोसळतो,
मुकुट घरंगळत जातो, बायका आक्रोश करतात.
इथं त्यानं फक्त बोटाला चिकटलेली शितं
डब्याच्या कडेला पुसली, एकेक,
पासपोर्टला हात लावण्याआधी.

कट कुणी म्हटलं नाही.

बेचाळीस ओळी वहीत आहेत अजून,
मात्रेचीही चूक नाही त्यांत.

पुढे फोकस हलल्याचं दिसलं,
मिथिलानं दुसरा टेक मागितला.
गनीभाई दाराशी चपला शोधत होते.
"एका माणसाला," म्हणाले,
"हे एकदाच सांगायचं असतं."