उघड्या टपाची

कॅम्पातल्या बंगल्यामागं, फणसाखाली
बावीस वर्षं उभी
नोरोन्हा डॉक्टरांची उघड्या टपाची गाडी.
मीटरवर फक्त नऊ हजार मैल,
मागच्या सीटमध्ये कोंबडीनं मांडलेला संसार.

"चालेल काय रे?" बाईंनी विचारलं.
चालंल म्हणालो. खरं, मला काय ठाऊक.

उद्यमबागेत इराप्पानं लेथवर बुश काढून दिला.
पैसे घेतले नाहीत. बोनेटवर हात ठेवून
कानडीत पुटपुटला काहीतरी,
बैलाशी बोलतात तसं.
कापडी टप शहापुरात शिवायला टाकला,
तो अजून यायचाय.

पत्रा घासताना लाल गेला, हिरवा गेला,
खाली सायीचा रंग.
नंबरपाटीवर पण तेच:
एका राज्याची अक्षरं, त्याखाली दुसऱ्याची.
तिथं मी पॉलिश पेपर खाली ठेवला.

आज खानापूर रस्त्याला काढली.
बाई शेजारी, डोक्याला रुमाल,
मांडीवर डॉक्टरांचे हातमोजे.
देसूरजवळ म्हणाल्या, थांब.
"इथवरच यायचे ते. इथनं वळवायचे."
का, ते मी विचारलं नाही.

इंजिन चालूच होतं.
बाईंनी रुमालाची गाठ सोडली.
पुढच्या दगडावर खानापूर,
आकडा पुसलेला.