खाच

तलवार आधी कागदावर आली
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये:
पातं नव्वद सेंटिमीटर, मूठ दोन हातांची,
मुठीच्या टोकाला पेरूएवढा गोळा.
अस्सल म्हणे कुठल्याशा जर्मन नदीच्या गाळात सापडली,
पाचशे वर्षं भिजून.

इरण्णा कंबारानं ट्रकचा पाटा उचलला,
विजापूर पासिंग, वीस हंगाम उसाखाली वाकलेला.
म्हणाला, वाकणं ह्याला पाठ आहे,
सरळ राहणं शिकवू.

मी मिलमधला फिटर.
भोंगा बंद झाला त्या दिवशी
एक कानस घरी आणली होती,
चोरली म्हणा हवं तर.

आजोबा असल्या पात्याला फिरंग म्हणायचे.
तेव्हा पाती तिकडून यायची
आणि मुठी इथे बसायच्या.
आता पातंही इथलं, मूठही इथली,
तिकडचा फक्त आकार.

मुठीवर दोरा आवळला नरसम्मा बोल्लींनी,
चाळीस वर्षं विड्या बांधलेल्या बोटांनी.
"एवढी मोठी विडी ओढणार कोण रे?"
आणि गाठ अशी मारली
की सुरीचं टोकही आत शिरेना.

मग शेवटचा कागद.
टोकापासून एकतीस सेंटिमीटरवर
एक खाच, तिरकी, तीन मिलिमीटर खोल.
शेजारी लिहिलेलं: हीसुद्धा हवी.

मिलमध्ये चादरीत एक तार चुकली
तर पगार कापायचे.
इथे चूक मोजून मागितली होती.

पण ती चूक नव्हती.
कुणीतरी वार केला होता,
कुणीतरी तो ह्याच जागी झेलला होता,
आणि पुढे काय झालं
ते गाळाला ठाऊक.
झेलणारं पातं समोर होतं.
मारणारा कुठेच नव्हता.
दुपारचे तीन, पत्रा तापलेला,
लाइट गेलेली,
त्याच्या जागी उभं राहायला
मीच होतो, कानस घेऊन.

पहिल्या घासणीला हात अडला.
इरण्णा भाता सोडून बघत राहिला,
काही बोलला नाही.
तिरकी, तीन मिलिमीटर.
कानशीच्या खुणा दिसू नयेत म्हणून
वरून छिन्नीचा एक घाव.

खोक्यात कापूस भरला, इथलाच.
फॉर्मवर लिहिलं: धार नाही, शोभेची वस्तू.
खाचेसाठी रकाना नव्हता.

रात्री भाकरी मोडताना
बायको म्हणाली, हात धुतले नाहीत का?
धुतले होते.