चार लाख अकरा हजार

पहाटे उणे एकोणीस.
ओमुरकुलच्या शेडमधला खड्डा कोल्होझच्या काळातला,
ट्रॅक्टरांसाठी खणलेला.
कपाळाला दिवा बांधून मी त्यात उतरते.
वर माझी हायलक्स सर्फ,
जपानातून आलेली, स्टिअरिंग उजवीकडे,
ह्या डावीकडच्या देशात ओव्हरटेक करताना
शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं, येतंय का कोणी?

आत्-बाशीत मला सगळे डॉक्टर म्हणतात.
आठवडाभर मेंढ्यांची,
रविवारी हिची.
फार फरक नाही. आधी वास, मग रंग, मग बोट.
गिअरचं तेल लाल हवं, डाळिंब फोडल्यासारखं.
तपकिरी झालं, जळकट आलं,
की समजायचं आत कोणी सोसतंय आणि बोलत नाहीये.
ब्रेकचं तेल चहा झालंय, तोही उरलेला, पुन्हा उकळलेला.
डिफरन्शियलच्या बोल्टाला लोहचुंबक असतं,
त्यावर करड्या लोण्याचा थर.
एवढी झीज चालते. एवढी माझ्या गुडघ्यांचीही आहे.
बोटाला कण टोचला, तर मात्र
दिवा जवळ घ्यायचा.

हिला पथ्य एकच, डोकं तापू द्यायचं नाही.
घाटात एकदा पाणी कमी पडलं, की हेड तडकतं,
आणि मग नाकापेक्षा मोती जड.

लसीकरणाच्या रजिस्टरची मागची पानं हिची.
तीन लाख दोन हजार: फॅनबेल्ट.
तीन लाख नऊ: डिझेल फिल्टर. वाटीभर पाणी निघालं.
पंपवाल्याला बोलून आले.
तीन लाख साठ: पुढचं रबरी बूट फाटलं, ग्रीस सगळीकडे,
पाहुणे आले होते, तशाच हातांनी भाकरी मोडली.

टायमिंग बेल्टचं कव्हर काढलं
की आत एक पिवळं स्टिकर.
अक्षरं मला येत नाहीत, आकडे येतात:
एक लाख दोन हजार तीनशे पंधरा.
एक अक्षर चुकलंय, त्यावर रेघ,
शेजारी तेच पुन्हा, जरा सावकाश.
कोण होता, कोण होती, कळायचं नाही.
चुकलं तेव्हा कोणी हाक मारली असेल का?
त्याच्याखाली माझी दोन स्टिकरं. आज तिसरं.
अकरा हजार उशिरा, कबूल.

गेल्या महिन्यात बिश्केकहून तिलेक आला होता, गाड्यांचा दलाल.
चाकांना लाथा मारून झाल्या,
बॉनेटवर टाकलेली गोधडी उचलून पाहिली,
मग आकड्याकडे बघून हसला.
"डॉक्टर, हा आकडा कोण घेईल?
माझा माणूस आहे, दहा मिनिटांचं काम.
एक लाख नव्वदवर आणू. भाव दुप्पट."
मी रजिस्टर पुढे केलं.
त्याने ते उघडलंही नाही,
त्यावर चहाचा पेला ठेवला.

दोन लाख एकवीस हजार.
मनात वजा करून पाहिले. काय काय जाईल?
खिंडीतली ती रात्र जाईल, रॉकेल मिसळूनही गोठलेलं डिझेल.
तोर्पाशची गाय जाईल, वासरू आडवं होतं.
आणि मागच्या सीटवर, दवाखान्याच्या अलीकडे चार किलोमीटर,
जन्मलेली माझी लेक,
तीही वजाबाकीत.
पेला उचलला, पान पुसलं.
गोल डाग राहिलाय अजून,
तीन लाख नव्वदच्या नोंदीवर.

आता ती लेक वर बसलीय, आयचुरोक,
मांडीवर गणिताची वही, पाय ब्रेकवर जेमतेम पोचतो.
खाली माझ्या हातात दहाचा पाना,
बरणीत बुडवलेली नळी.
हे काम एकट्याचं नाहीच.
"दाब. पुन्हा दाब. आता धर."
"धरलंय."
पाव आटा सोडते. काळं तेल येतं, मग बुडबुडा,
मग आणखी एक, बारीक.
"आपा, पेडल खाली चाललंय!"
"जाऊ दे. मी सांगेपर्यंत
पाय उचलू नकोस."